गवत कापणीच्या यंत्राचे इंजिन विमानाला: मुलांना लेथ आणि मैदान द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चवथ जवळ आली की गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावर गवत कापणीच्या यंत्रांचा आवाज सुरू होतो. काजूची बागायत असो, कुळागर असो की घराभोवतालचे आवार, या यंत्राशिवाय आता कोणाचेच चालत नाही. काही वर्षांनी ही यंत्रे निकामी ठरतात, तेव्हा पुष्कळदा त्यांचे इंजिन शाबूत असते. दांड्यातला शाफ्ट तुटलेला असतो, पात्याकडच्या गिअरचे दाते झिजलेले असतात किंवा एखादा सुटा भाग बाजारात मिळेनासा होतो, म्हणून यंत्र आधी पडवीच्या कोपऱ्यात आणि मग भंगारात जाते. हीच इंजिने सोडवून विमानांच्या उडत्या प्रतिकृतींना बसवण्याच्या खटपटीत असलेली काही तरुण मुले माझ्या पाहण्यात आहेत. माझे आयुष्य यंत्रशाळेत गेले असल्याने त्यांच्या या कामातली गोडी मला समजते आणि त्यातला धोकाही दिसतो. या मुलांना लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातण्याचे यंत्र), जाणता निदेशक आणि विमान उडवायला रीतसर जागा मिळावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा प्रकार कोणाला पोरखेळ वाटू नये. परदेशातल्या हौशी मंडळींनी साखळी करवती आणि गवत कापणीची यंत्रे यांची इंजिने विमानांना बसवायला सुरुवात केली, त्याला कित्येक दशके झाली. बाग आणि जंगलकामाची यंत्रे बनवणाऱ्या जपानच्या झेनोआ कंपनीने पुढे जी-26, जी-62 अशी खास प्रतिकृतींसाठीची पेट्रोल इंजिने बाजारात आणली, तीही याच घराण्यातली. अशी तयार इंजिने आपल्याकडे आयात करावी लागतात आणि त्यांची किंमत सामान्य घरातल्या विद्यार्थ्याला परवडत नाही. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनवर चालणारी लहान ग्लो इंजिने स्वस्त दिसतात, पण त्यांचे इंधन महाग आणि मिळायला कठीण असते. गवत कापणीच्या यंत्राचे 25 ते 35 घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन मात्र पेट्रोल पंपावरच्या पेट्रोलवर चालते, अनावश्यक भाग काढल्यावर दीड किलोच्या आसपास भरते आणि दोन मीटर पंखांचे, पाच-सहा किलो वजनाचे विमान सहज उचलते. काही यंत्रांत होंडाचे 35.8 घनसेंटिमीटरचे जीएक्स-35 हे फोर-स्ट्रोक इंजिन असते. तेही चालते, पण ते जड असते, त्यामुळे शिकाऊ मुलांनी टू-स्ट्रोकपासून सुरुवात करणे बरे.

जुने इंजिन घेताना पहिली परीक्षा अगदी साधी आहे. सायलेन्सरचे बोल्ट काढावेत, दोरीने पिस्टन हळूहळू खालीवर करावा आणि धूर बाहेर पडतो त्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. पिस्टनची बाजू गुळगुळीत असेल, रिंग मोकळी असेल तर इंजिन घेण्यासारखे आहे. उभे ओरखडे दिसले, तर ते कधीतरी ऑइलविना चालवून जाम केलेले आहे, असे समजून सोडून द्यावे. गोव्यात असे जाम केलेले इंजिन वारंवार दिसते, कारण दिवसाच्या मजुरीवर यंत्र चालवणारा माणूस बाटलीत अंदाजाने ऑइल ओततो. लिटरभर पेट्रोलला 40 मिलिलिटर टू-टी ऑइल म्हणजे पंचवीसास एक हे प्रमाण होते. ज्या इंजिनाचा इतिहास ठाऊक नाही, त्याला हेच प्रमाण द्यावे, मापाने द्यावे.

या इंजिनांचा सर्वांत हुशार भाग म्हणजे त्यांचा कार्ब्युरेटर. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो, त्यामुळे तो आडवा केला की पेट्रोल वाहते किंवा बंद होते. गवत कापणीच्या यंत्रात फ्लोटच्या जागी रबरासारखे पातळ पडदे असतात. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोटात, पोकळी निर्माण होते आणि खाली येताना दाब, हा चढउतार एका बारीक छिद्रातून पहिल्या पडद्यापर्यंत पोहोचतो आणि तो पडदा पंपाचे काम करून टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. दुसरा पडदा लागेल तेवढेच पेट्रोल आत सोडतो. बागेतला माणूस यंत्र उतारावर, बांधावर, कसेही वाकडे धरू शकतो ते यामुळेच, आणि विमान उलटे झाले तरी इंजिन बंद पडत नाही तेही यामुळेच. ग्लो इंजिनाला टाकी नेमक्या उंचीवर बसवावी लागते, या इंजिनाला ती अडचण फारशी जाणवत नाही.

मात्र एक बारकावा आहे आणि तो न कळल्यामुळे मुले दिवसचे दिवस कार्ब्युरेटरच्या, पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या सुया फिरवत बसतात. दुसऱ्या पडद्याच्या झाकणाला बाहेरची हवा लागावी म्हणून एक छोटे छिद्र असते. गवत कापताना त्याचा विचार करण्याचे कारण नसते, पण विमानात प्रॉपेलरचा झोत थेट त्या छिद्रावर आदळला तर पडदा आत ढकलला जातो आणि पेट्रोल जास्त सुटते. जमिनीवर सुरेख चालणारे इंजिन हवेत गुदमरते. झाकणाच्या छिद्राला पितळेची बारीक नळी डाग देऊन बसवली आणि तिचे दुसरे तोंड विमानाच्या पोटात, झोतापासून लांब नेले, की हा त्रास थांबतो.

खरा जोखमीचा भाग लेथवरचा आहे. यंत्रातला सेंट्रिफ्युगल क्लच काढून टाकला की क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकावर जे आटे किंवा निमुळता भाग उरतो, त्यावर प्रॉपेलर धरणारा हब बसवावा लागतो. अलीकडे एका मुलाने मला असा हब दाखवला. बाजारातला बोल्ट पट्टीला वेल्डिंग करून त्याने तो घरीच बनवला होता, आणि नुसत्या डोळ्यांनाही त्याचे तोंड तिरके दिसत होते. हबच्या 40 मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर 0.1 मिलिमीटरचा तिरकेपणा असेल, तर 18 इंची प्रॉपेलरच्या टोकाशी तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक होतो, आणि एक टोक पुढे तर दुसरे मागे अशी एका पातळीत न फिरणारी जोडी मिनिटाला 7500 फेऱ्यांनी फिरू लागते. त्या वेगाला टोकाची गती सेकंदाला सुमारे 180 मीटर, म्हणजे ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास असते. एवढ्या वेगाने तुटलेला लाकडाचा तुकडा कुठे जाईल, याचा नेम नसतो. हब एकाच पकडीत कातावा, बसवल्यावर डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) लावून तपासावा आणि त्यात काही कसर दिसली तर निःशंकपणे टाकून नवा करावा. हे काम घरच्या ड्रिलवर होत नाही. त्याला लेथच लागतो आणि तो चालवणारा कातारीही लागतो.

फ्लायव्हीलचेही तसेच. यंत्रात त्याला थंड हवेसाठी पाती असतात. विमानात ते काम प्रॉपेलर करतो, म्हणून वजन वाचवायला ती पाती कातून काढण्याचा मोह होतो आणि ते करताही येते. पण ओतीव अॅल्युमिनियमचे हे चाक आत लोहचुंबक घेऊन फिरत असते, चावीच्या (चाक क्रँकवर नेमक्या जागी धरणाऱ्या छोट्या पट्टीच्या) खाचेजवळ किंवा चुंबकाजवळ फार कातले तर ते कमजोर होते आणि असमतोलही होते. चावी झिजलेली असेल तर ठिणगीची वेळ चुकते आणि सुरू करताना प्रॉपेलर उलटा फटका देतो, बोटे मोडण्याइतका. कॉईल आणि चाकामधले अंतर साधारण 0.3 मिलिमीटर असावे. जुने मेकॅनिक मध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून ते धरतात आणि ती पद्धत आजही चोख आहे. बॅटरीवरचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले तर जड फ्लायव्हीलची गरज उरत नाही, पण पहिल्या इंजिनाला मूळचा मॅग्नेटोच, म्हणजे चाकातले चुंबक आणि कॉईल यांची ठिणगी पाडणारी जोडीच, ठेवावा, असे माझे मत आहे. तो बॅटरी मागत नाही आणि त्याच्या दोषाचे कारण शोधणे सोपे असते.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. आता पंपावर मिळते ते वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असते आणि आपल्या दमट हवेत ते पाणी शोषते. काम झाले की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवून बंद करावे, नाहीतर पडदे ताठरतात. ग्लो इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, ती अजिबात वापरू नये.

ठिणगीचे इंजिन रेडिओला त्रास देते, हेही ध्यानात ठेवावे. आजच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांना तो पूर्वीइतका होत नाही, तरी रेझिस्टरचा प्लग वापरावा, रिसीव्हर इंजिनापासून लांब ठेवावा आणि थ्रॉटलची दांडी प्लास्टिकची किंवा नायलॉनच्या टोकाची असावी, कारण धातूवर धातू घासला की त्यातूनही खरखर निर्माण होते. इंजिन बंद करण्याची सोय थ्रॉटलवर सोपवून भागत नाही. कॉईलला इंजिनाच्या धातूशी जोडून (अर्थ करून) ठिणगी बंद करणारा स्वतंत्र स्विच विमानावर हवाच, आणि सिग्नल तुटला तर थ्रॉटल आपोआप मिटेल अशी मांडणीही हवी. इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी खुंटाला बांधलेली असावी आणि प्रॉपेलरच्या रेषेत, म्हणजे त्याच्या बाजूला, कोणीही उभे राहू नये.

आता जागेचा प्रश्न. केंद्राचे 2021 चे ड्रोन नियम पंचवीस किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींना प्रकार प्रमाणपत्रातून सूट देतात. तरीही हवेच्या हद्दींचे बंधन सर्वांना आहे. कार्यरत विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी हद्द, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येते ती, 200 फुटांपर्यंतच असते आणि त्याबाहेर ती 400 फुटांपर्यंत जाते. आपल्या लहानशा राज्यात दाबोळीचा नौदलाचा विमानतळ आणि मोपाचा नवा विमानतळ असे दोन आहेत, त्यामुळे मुरगाव आणि पेडणे तालुक्यांतला बराच भाग सोडून द्यावा लागतो. काणकोणच्या दक्षिण टोकाला कारवारचा नौदल तळ जवळ येतो. उरतात ते सांगे-केपेकडचे मोकळे सडे (कातळाची पठारे) आणि कापणीनंतरची शेते, अर्थात मालकाच्या परवानगीने.

आणखी एक गोष्ट इथल्या माणसालाच सुचेल. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे आपण विसरलेलो नाही. वाळलेल्या सड्यावर पेट्रोल भरलेले, तापलेले विमान कोसळले तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून उड्डाणे ऑक्टोबर ते जानेवारीपर्यंतच ठेवावीत, रान सुकले की बंद करावीत, आणि हिरव्या दिवसांतही अग्निशामक नळकांडे मैदानावर हाताशी असावे.

माझी मागणी राज्याच्या कौशल्य विकास खात्याकडे आणि तांत्रिक शिक्षण खात्याकडे आहे. आपल्या सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लेथ आहेत, जोडारी आणि कातारी शाखेचे निदेशक आहेत. वर्ग संपल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ, शाळा-महाविद्यालयांतल्या इच्छुक मुलांना निदेशकाच्या देखरेखीखाली हे काम करू द्यावे. कोणताही हब तपासणीशिवाय बाहेर जाऊ नये, एवढा एकच नियम कडक ठेवावा. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवले जाते, तेव्हा त्यांचेही सहकार्य मागता येईल. मैदान जिल्हाधिकाऱ्यांनी नेमून द्यावे आणि विमानांची नोंदणी, परवाना व इतर कागदपत्रे संस्थेच्या नावे आधीच पूर्ण करून घ्यावीत, म्हणजे मुलांना लपूनछपून उडवण्याची पाळी येणार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस बाहेर पडू देत नाही, तेच महिने बांधणीचे.

वाचकांनाही एक विनंती. घरचे बंद पडलेले यंत्र भंगारात घालण्यापूर्वी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारून पाहावे. द्यायचे ठरले तर टाकीतले पेट्रोल काढून टाकावे आणि इंजिनासोबत फ्लायव्हील, त्याची चावी, कॉईल व कार्ब्युरेटर हे सारे जसेच्या तसे द्यावे, कारण जुन्या यंत्रांचे हे भाग सुटे शोधत फिरलात तर बहुधा मिळत नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्यशाळा निदेशक
फोंडा, गोवा