शेडआधी लस

‘शेळीपालनातून लाखोंची कमाई’ हा आपल्या अंकातील लेख वाचला. शेडचा खर्च सविस्तर दिला आहे, लसीकरणावर मात्र एक ओळही नाही. उस्मानाबादी शेळी काटक, बरेचदा जुळी करडे देणारी. पण पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा अधाशीपणे खाल्ला की आंत्रविषाराने (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या रोगाने) धडधाकट करडूही रात्रीतून दगावते. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते; पहिल्यांदा देताना 2-3 आठवड्यांनी दुसरी मात्राही हवी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची एक लस साधारण 3 वर्षे पुरते. गेल्या वर्षी आंत्रविषाराची दुसरी मात्रा मी आळसाने टाळली आणि 4 करडे गमावली. शेड तर पक्के होते! पुढच्या लेखात लसींचे वेळापत्रक जरूर छापावे.

– एक शेळीपालक, औसा (जि. लातूर)