यमनात घुसलेला शुद्ध मध्यम

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की पाश्चात्त्य संगीताची थिअरी पुन्हा पहिल्यापासून काढली आहेस आणि तिसऱ्याच पानावर डोकं गरगरायला लागलंय. मग त्या पानाचा फोटोही पाठवलास. गोल चक्र, त्यावर बारा स्केल, आणि खाली शार्पचा, म्हणजे चढ्या सुरांचा, क्रम लक्षात ठेवायला इंग्रजी शब्दांची ओळ. ती ओळ तू पाठ करते आहेस हे कळलं तेव्हापासून मला चैन पडेना, म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही. हातात पेटी नसली की माझी अर्धी वाक्यं अडतात.

आधी माझी फजिती सांगतो. आईला माहीत आहे, तुला कधी सांगितली नव्हती.

१९८६ साली बँकेत लागून मला वर्षच झालं होतं. संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात मी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो. पेटीवर हात बसलेला होता, आणि कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार सूर, मी आमच्या व्हायोलिनवाल्या सरांकडून उचलत होतो. सर दक्षिण गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत दो-रे-मी घोटून मुंबईला आलेले. त्या काळी फिल्मी स्टुडिओत पाच रेघांच्या स्टाफवर लिहिलेले सूर वाचून वाजवणारे कितीतरी जण गोव्याचेच असत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही मोठी नावं झाली, पण मागच्या रांगेतल्यांनाही ही विद्या पक्की येत होती. तर सरांनी मला नुकतंच शिकवलं होतं की 'सा'वर परत यायचं असेल तर 'प'चा कॉर्ड घ्यायचा आणि त्यात सातवा सूर घालायचा, मग घरी आल्यासारखं वाटतं. प, नि, रे आणि वर म. पांढरी एक 'सा' धरलास तर जी, बी, डी, एफ. डॉमिनंट सेव्हन्थ. नवं नवं शिकलो होतो, दिसेल तिथे लावत सुटलो होतो.

त्या दिवशी दादरच्या हॉलमध्ये गायकाने यमनातलं एक गाणं घेतलं. यमनात म तीव्रच लागतो. अंतरा संपवून तो तीव्र मध्यमावरून खाली उतरत होता आणि नेमका तेव्हाच मी माझा लाडका कॉर्ड दाबला. शुद्ध मध्यमासकट. गायकाचा तीव्र म आणि माझा शुद्ध म, शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, एकाच वेळी माइकवर. लोकांना काय कळलं देव जाणे, पण गायकाने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी भाता ओढायचाच विसरलो.

सर रागावले नाहीत. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "तीव्र म कोणाचा निषाद?" मी म्हटलं, म कसा निषाद होईल? ते म्हणाले, "घरी जाऊन 'प'ला सा कर."

तू आत्ता पियानोपाशी असशील तर हेच कर. 'प'ला म्हणजे जीला सा मान आणि शुद्ध स्वर वाजव. ए, बी, सी, डी, ई... आणि सातव्या सुरावर बोट आपोआप काळी तीनवर जाईल. एफ शार्प. जुन्या 'सा'चा जो तीव्र म, तोच नव्या 'सा'चा शुद्ध नि. आता डीला सा कर, म्हणजे आणखी एक पंचम वर. एफ शार्प आहेच, त्यात सी शार्पची भर पडली. जी सा असताना तीव्र म कोणता होता? तोच. तुझं ते चक्र एवढंच आहे. प्रत्येक पावलाला मागचा तीव्र म पुढचा नि होतो, म्हणून दर वेळी एकच नवा शार्प. उलट्या बाजूला जायचं तर 'म'ला सा कर. मागचा कोमल नि पुढचा शुद्ध म होतो, म्हणून दर वेळी एक फ्लॅट, म्हणजे उतरलेला सूर. एफला सा केलास की बी फ्लॅट मिळतो तो असा. षड्ज-पंचम भाव तू नऊ वर्षांची असताना शिकलीस, गं. त्यासाठी इंग्रजी ओळ कशाला?

आता तुझा दुसरा प्रश्न. पट्टी एकच, काळी तीन, मग तिला कधी एफ शार्प आणि कधी जी फ्लॅट म्हणायचा हा छळ कशासाठी? मलाही तो वर्षभर छळच वाटला होता. पेटीवाल्याला पट्टीचा नंबर कळला की काम झालं. पण लिहिताना नाव दिलं की तो सूर पुढे कुठे जाणार तेही सांगितल्यासारखं होतं. जी सेव्हन्थमधले बी आणि एफ घे. खाली बी आणि वर एफ असेल तर दोघं आत येतात, बी वर सरकून सीवर, एफ खाली सरकून ईवर. अंतर पाच नावांचं, म्हणून डिमिनिश्ड फिफ्थ. आता एफ खाली ठेव आणि बी वर. दोघं बाहेर पळतात, एफ ईकडे, बी सीकडे. अंतर चार नावांचं, म्हणून ऑगमेंटेड फोर्थ. दोन्हींत सेमीटोन, म्हणजे पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतची अंतरं, मोजशील तर सहाच भरतील. पेपरात हे विचारतातच, आणि मोजणारी मुलं तिथेच चुकतात. तू मोजू नकोस, आधी कुठे जातात ते वाजवून बघ, मग नाव लिही.

कॉर्डच्या तक्त्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुला येतं. सा, म, प वर मेजर. रे, ग, ध वर मायनर. नि वर बिचारा डिमिनिश्ड. मेजरमध्ये चार आणि तीन सेमीटोन, मायनरमध्ये तीन आणि चार. उलटसुलट मांडले तरी कॉर्डचं मूळ बदलत नाही, हे फ्रान्सच्या रामोने १७२२ साली ग्रंथ लिहून मांडलं. ई खाली असो वा जी, सी मेजर तो सी मेजरच. मात्र खालचा सूर बदलला की कॉर्डचं वजन बदलतं. जी खाली ठेवून सी मेजर वाजवलास तर तो टेकत नाही, लटकतो. कान दे, कळेल.

मायनरमध्ये सातवा सूर चढवायचा का, हेही तू विचारलंस. 'ध'ला सा करून तेच पांढरे सूर वाजव, आसावरी थाट मिळतो. त्यात नि कोमल. त्यामुळे 'प'चा कॉर्ड मायनर होतो आणि त्याला घराची ओढच राहत नाही. म्हणून तेवढा नि शुद्ध करायचा. मग हार्मोनिक मायनर म्हणून जे हातात येतं ती आपली किरवाणीची सप्तक. तू ती ओळखशीलच, मागच्या गणपतीत दोन दिवस तीच छेडत होतीस.

एक गोष्ट मात्र तुझ्या पुस्तकात मिळायची नाही, म्हणून सांगतो. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडून कान लाव. वर षड्ज, पंचम आणि त्याच्याही वर बारीकसा गांधार ऐकू येतो. स्वयंभू गांधार. म्हणजे सा-ग-प हा कॉर्ड एकाच तारेत बसलेला आहे. आता तो गांधार पियानोच्या ईशी ताडून बघ. पियानोचा सुमारे १४ सेंटने चढा आहे (शंभर सेंट म्हणजे एक सेमीटोन). बारा पंचम चढून गेलं तर सात सप्तकांच्या थोडं पुढे जाऊन पडतो, सुमारे २३ सेंट. ती जास्तीची रक्कम बारा पंचमांत वाटून टाकली म्हणून कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण त्याची किंमत गांधाराने मोजली. १९४० साली रेडिओने पेटीला बाहेर काढलं, त्यामागे हा सूर होता आणि मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, न येणं होतं. ती साथीपुरती परत आली १९७१ साली. माझे वडील त्या बंदीवर बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. मला स्वतःला दोन्ही गांधार आवडतात. एकामागून एक ऐकले की मात्र पियानोचा थोडा ओरडल्यासारखा वाटतो.

चार आवाजांच्या हार्मनीत तुला लाल रेघ कशावर पडली तेही बघितलं. सा-प वरून दोन्ही आवाज एकदम रे-ध वर गेले. आपण जन्मभर सा-प वर बसलेली माणसं, आपला हात तिथेच घसरणार. चूक अशी की दोन आवाज एकमेकांत विरघळून एकच होतात आणि चारातला एक गायक फुकट जातो. त्यावर सरांचा उपाय होता: मधली ओळ एकटी गाऊन बघायची. ती गाण्यासारखी वाटली नाही तर खोडायची. ऑल्टो आणि टेनर म्हणजे त्याच मधल्या दोन ओळी. ऑल्टो गा, टेनरही गा, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

केडन्स म्हणजे ओळ संपवायची कॉर्डची जोडी. त्यातली इंटरप्टेड तुला पाठ करावी लागू नये. 'प'चा कॉर्ड येतो, नि चढून सा वर जातो, सगळं समेवर आल्यासारखं, आणि खालचा बेस मात्र 'सा'ऐवजी 'ध'वर बसलेला असतो. तबलजीने सम चुकवून आपल्याला फसवावं तसं. आणि म वरून सा ला येणारी प्लेगल म्हणजे चर्चमधलं आमेन. चर्चच्या सणाला, फेस्ताला, गेलो होतो तेव्हा तू ऐकलंस.

यमनाचं राहिलंच. घरी येऊन मी शुद्ध म काढून टाकला आणि रे, तीव्र म, ध असा कॉर्ड लावला. राग वाचला, पण गाणं 'प'कडे ओढायला लागलं, कारण तीव्र म 'प'चाच निषाद ना. पुढच्या तालमीत सरांनी माझा उजवा हात तसाच ठेवला आणि डाव्या हाताने फक्त सा धरायला लावला. वर रे, तीव्र म, ध आणि खाली घर न सोडणारा सा. यमन जागेवर आला.

सरांची वही तुला कुरिअर करतोय. त्यातला बाराव्या पानापुढचा भाग कर, आधीचं सोड. मागच्या पानावर त्या गाण्याचे कॉर्ड त्यांच्या हातचे आहेत. त्यावरचा चहाचा डाग माझा.

आई विचारते आहे की मेतकूट संपलं का.

तुझा,
बाबा