जात्याचा खुंटा

रीगा, २६ जून

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा इथे लाटवियात लीगोचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला सण झाला. २३ जूनची रात्र, अंधार पडला म्हणेपर्यंत उजाडलंच. शेकोटीभोवती बायका डोक्यावर रानफुलांचे मुकुट घालून गात होत्या, ओळीओळीला ‘लीगो, लीगो’ असं पालुपद. मधूनच समोरच्या घोळक्याला गाण्यातून टोमणे. रुखवताच्या वेळी दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यात धरतात ना, अगदी तसंच! मला आजीच आठवली.

काल राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. तिथे इथली लोकगीतं गोळा करणाऱ्या क्रिश्यानिस बरोन्स यांचं लाकडी कपाट आहे, १८८० मध्ये करून घेतलेलं. बारीक बारीक खण आणि त्यांत हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक गाणं, बहुतेक चारच ओळींचं. त्याला इथे ‘दाइना’ म्हणतात. १८९४ ते १९१५ या काळात बरोन्स यांनी ही गाणी छापली, पाठभेद धरून सुमारे २,१८,०००. तेव्हा राज्य रशियाच्या झारचं आणि जमिनी जर्मन जमीनदारांच्या. पण गाण्यात मात्र सूर्य ही बाई आहे, पोरक्या पोरांची आई. लोकांनी आपली नदी, आपलं शेत, आपली भाषा त्या चार ओळींत जपली. त्या कपाटापुढून माझा पाय निघेना.

आजीची ती ओवी आठवते?

माणगंगेच्या वाळूत, झिरा खणिला हातानं
साखरंवानी गोड पाणी, बंधू पाजितो हेतानं

आटपाडीकडची ती कोरडी नदी. बाहेरचा माणूस बघून हळहळेल. आजीला त्या वाळूत माहेराची श्रीमंती दिसते. दुष्काळी गावाचा एवढा अभिमान मी दुसरीकडे कुठे वाचला नाही.

आपल्याकडेही हे काम झालंय बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकायला मिळतात. मी रात्री ऐकत बसते. पण आजीच्या ओव्या कुठेच नाहीत, त्या फक्त तिच्यापाशी आहेत.

म्हणून एक काम सांगते, आई. नुसतं ‘म्हण गं’ म्हटलं तर तिला दोनच आठवतील. हात फिरायला लागला की मग ओवीला ओवी सुचत जाते, हे तीच सांगते. परसातलं जातं धुऊन घे. त्याचा खुंटा हलतोय, सुताराकडून नवा ठोकून घे. पायलीभर नको, मूठमूठ ज्वारी घाल आणि पलीकडून तूही हात लाव. फोन जात्यापासून लांब, तिच्या तोंडाकडे ठेव, नाहीतर घरघरच ऐकू येईल. लिहून घेताना ‘हेतानं’चं ‘प्रेमानं’ करू नकोस. कुठली ओवी कुणाकडून शिकली तेही विचार, तिच्या आईची कुठली, चुलतीची कुठली.

पहिली ओवी झाली की लगेच पाठव.

तुझी,
धाकटी