मनापासून आभार

फौजेतून उतरलो तसे गावात सगळे म्हणू लागले, 'आता आंब्याची बाग बघ.' बाग असायला हवी ना! चार कलमं आणि पेन्शन यांवर पोरांची शिक्षणं निघत नाहीत.

रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला गेलो, तिथे बाकावर एक निवृत्त सुभेदारसाहेब भेटले. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक पानन् पान चाळलं, पेन्सिलीने खुणा केल्या. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांवर माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण, वयात सेवेची वर्षं अधिक ३ वर्षं सवलत (पन्नाशीच्या आत), हे मला त्यांच्याकडून कळलं. नाव विचारलं तर 'जय हिंद' म्हणून एसटीत चढले.

झेरॉक्सवाल्या ताईंनी अर्ज भरून दिला, फोटो 'अपलोड' होईपर्यंत दुकान बंद केलं नाही. पैसेही मोजकेच घेतले.

गेल्या सोमवारी बँकेत रुजू झालो. दोघांचेही आभार. साहेब, तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे.