‘गोळ्या नियमित घेत नाही’ हा शेरा कुणी तपासायचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाच्या निमित्ताने, वृत्तपत्रांतून आमच्या सेवाभावाचे कौतुक छापून येते. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण परिचारिका संशोधनही करतात आणि ते रुग्णाच्या कितपत कामी येते, याची चर्चा क्वचितच वाचायला मिळते. मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात बत्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यानंतर काही वर्षे परिचर्या महाविद्यालयात शिकवले. दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाला त्याच्याच शब्दांत मोकळेपणाने बोलू देणारे, म्हणजे गुणात्मक, संशोधन आपल्याकडे फार कमी होते आणि त्याचा भुर्दंड रुग्णाला बसतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वॉर्डात मासळी विकणाऱ्या एक मावशी चार महिन्यांत तीनदा भरती झाल्या. हृदय कमकुवत झालेले, पायांवर सूज, झोपले की दम लागायचा. त्यांच्या केसपेपरवर ‘औषधे नियमित घेत नाही’ असे शेरे होते आणि त्यातला एक माझ्याच अक्षरातला होता. तिसऱ्या खेपेला एक विद्यार्थिनी भेटीची वेळ संपल्यावर कोणताही फॉर्म न घेता त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि ‘मावशी, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा’ एवढेच म्हणाली. मावशी पहाटे चारला घर सोडून भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायच्या आणि दुपारी एकपर्यंत बाजारात बसायच्या. लघवी होण्याची गोळी सकाळी घेतली की तासाभरात तिचा परिणाम सुरू होतो आणि पाच-सहा तास टिकतो. बाजारात बाईमाणसाने जावे असे स्वच्छतागृह जवळ नाही आणि पाटी सोडून उठले तर गिऱ्हाईक जाते. ‘वाराच्या दिवशी घेते की मी, सिस्टर,’ असे त्या म्हणाल्या. सोमवारी, गुरुवारी मासळीला उठाव नसतो, त्या दिवशी त्या घरी असत आणि गोळी न चुकता घेत. डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी गोळीची वेळ दुपारी दोनची करून दिली. पुढच्या वर्षभरात मावशींना एकदाच भरती व्हावे लागले.

नंतर प्रबंध तपासायला बसले की मला त्या मावशी आठवायच्या. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक प्रबंधांचा साचा एकच असे: तीस प्रश्नांची ज्ञानचाचणी, मग नियोजित शिक्षण कार्यक्रम, मग तीच चाचणी पुन्हा आणि गुण वाढल्याचा निष्कर्ष. मावशींना ही चाचणी दिली असती तर त्या उत्तम गुणांनी पास झाल्या असत्या, कारण गोळी कशासाठी आहे आणि चुकवली तर काय होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांची अडचण चाचणीतल्या एकाही प्रश्नात बसत नव्हती.

रुग्णाला मोकळेपणाने बोलू देणाऱ्या गुणात्मक संशोधनाचा आमच्या व्यवसायाशी संबंध जुना आहे. ग्लेझर आणि स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिचर्या विद्यालयात असताना मरणासन्न रुग्णांचा रुग्णालयांत राहून अभ्यास केला आणि मिळालेल्या माहितीतूनच सिद्धान्त उभा करण्याची रीत १९६७ मध्ये मांडली. पुढे ज्युलिएट कॉर्बिन या परिचारिकेने स्ट्राउस यांच्यासह १९८५ मध्ये दाखवून दिले की, घरी राहून दीर्घ आजार सांभाळणाऱ्या कुटुंबाला तीन प्रकारची कामे एकाच वेळी ओढावी लागतात: आजाराचे काम, रोजच्या संसाराचे काम आणि मोडलेल्या आयुष्याची पुन्हा घडी बसवण्याचे काम. बार्बरा पॅटर्सन यांनी २००१ मध्ये अशा अनेक अभ्यासांतून सांगितले की, दीर्घ आजाराच्या माणसाच्या मनात कधी आजार पुढे असतो, तर कधी बाकीचे आयुष्य पुढे येते आणि आजार मागे सरतो. मावशींच्या पाटीपुढे आजार मागेच राहणार होता. आम्ही मात्र त्याला बेफिकिरी समजत होतो.

आकड्यांना माझा विरोध नाही. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आले. असे आकडे नसतील तर औषधखरेदीचे नियोजनही होणार नाही. पण घरी फ्रीज नसल्याने इन्शुलीनची बाटली शेजारणीकडे ठेवणारी बाई शेजारीण गावाला गेल्यावर काय करते, हे तिच्याजवळ बसून विचारल्याशिवाय कळायचे नाही.

‘दहा-बारा रुग्णांशी बोलून काय सिद्ध होते?’ असा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि गुणात्मक संशोधनाच्या नावाखाली चार हळवी वाक्ये चिकटवलेले प्रबंध मीही नापास केले आहेत. नीट केलेल्या अभ्यासात रुग्ण विचारपूर्वक निवडले जातात, मुलाखत शब्दशः उतरवली जाते, ओळीओळीचे संकेतन होते, म्हणजे प्रत्येक ओळीतल्या आशयाला नाव दिले जाते, आणि नवे काही मिळेनासे झाले की मगच मुलाखती थांबवतात. अशा अभ्यासाच्या अहवालात काय काय असावे, याची बत्तीस मुद्द्यांची सूची २००७ पासून जगभर वापरली जाते. त्याहून मला काळजी वाटते ती संमतीची. ज्या सिस्टरच्या हातून उद्या सुई टोचून घ्यायची आहे, तिला रुग्ण ‘नाही’ म्हणू शकत नाही. म्हणून मुलाखत त्या वॉर्डाबाहेरच्या व्यक्तीने, आणि नवरा किंवा सासू शेजारी नसताना, घेतली पाहिजे.

भाषेचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. रुग्ण मराठीत बोलतो आणि प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो. ‘जीव घाबराघुबरा होतो’ याचे भाषांतर ‘चिंता’ असे झालेले मी वाचले आहे. तो रुग्ण इन्शुलीनवर होता आणि हे त्याला जेवायला उशीर झाला की व्हायचे. म्हणजे तो बहुधा साखर उतरल्याची लक्षणे सांगत होता. ‘अंगात कसर आहे’, ‘हातापायांतलं बळ गेलं’, ‘अन्न अंगी लागत नाही’ या प्रत्येक बोलण्यात परिचारिकेला उपयोगी पडणारी माहिती असते आणि ती भाषांतरात गळून पडते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला माझी विनंती आहे की, परिचर्येच्या अशा प्रबंधांत रुग्णांची मूळ मराठी विधाने देणे सक्तीचे करावे आणि मार्गदर्शकांना गुणात्मक पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण द्यावे.

सुरुवात डायलिसिस कक्षापासून करता येईल. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, रुग्ण तिथे पडून असतो. पालघरहून पहिल्या गाडीने निघालेला माणूस दिवसभराचे मोजके पाणी कसे पुरवतो, परतीच्या गर्दीत फिश्चुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला, हात कसा जपतो आणि आठवड्याचे इतके दिवस बुडाल्यावर नोकरीचे काय झाले, हे विचारायला त्या कक्षात अद्याप कुणी वही घेऊन बसलेले मी पाहिलेले नाही. परिचारिकांच्या ड्युटीच्या तक्त्यात या कामासाठी आठवड्याला दोन तास अधिकृतपणे धरावेत, एवढी मागणी मी रुग्णालय प्रशासनांकडे आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई