अण्णांनी दिव्याचं सूप केलं

पंचवटी, नाशिक

प्रिय संज्या,

तब्येती ठीक. अण्णांचा गुडघा तसाच, आईची शुगर तशीच. लिहितोय वेगळ्याच कारणानं. घरात बोललो तर भांडण तरी होईल, नाहीतर हसतील.

छठ यंदा बरी गेली. सातपूर-अंबडकडची बिहारी मंडळी आली, सुपं-टोपल्या संपल्या. पण ते चार दिवस. आपण बांबूच्या पाट्यांच्या चळतीवर चढून मार खायचो तो टोमॅटोचा सीझन गेला. पिंपळगावच्या बाजारात आता सगळं 20 किलोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये. उरलं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे लग्न आणि तिरडी. तिरडीवाला घासाघीस करत नाही, म्हणून अण्णांना तो जास्त आवडतो.

तर गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलवाल्याला 2027 च्या कुंभाआधी बांबूचे लॅम्पशेड हवेत, ढीगभर. अण्णांनी एक नमुना केला, उलटा धरला आणि म्हणाले, "यात पाखडायचं काय?" तेवढ्यावर न थांबता त्याला सुपासारखा काठ बांधला! हॉटेलवाल्याला नेमका तोच पसंत पडला.

माझी झोप उडवलीय ती भुंग्यानं. सुपाला तो लागायच्या आत सूपच झिजतं. शिवाय बाया ते सारवतात, चुलीच्या धुराजवळ टांगतात. लॅम्पशेड मात्र वर्षानुवर्षं एसीत लटकणार. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा पोसतो, आणि तो भुगा पडणार थेट गिऱ्हाइकाच्या प्यायच्या सुपात. बोरॅक्स आणि बोरिकच्या पाण्यात माल बुडवून ठेवला की धोका टळतो. पण अण्णा म्हणतात, "अंधाऱ्या पाखात तोडलेला बांबू आण, औषध कशाला?" अरे, तोड आपल्या हातात आहे का? पेठ-सुरगाण्याकडून माल येतो तो व्यापाऱ्याच्या तारखेला. 2017 ला कायद्यानं रानाबाहेरच्या बांबूला झाडांतून काढलं. झाडाचं गवत झालं, भाव मात्र गवताचा झाला नाही.

त्यात बांबू रोखीनं घ्यायचा आणि हॉटेलचे पैसे माल पोचल्यावर. मी कंपनी सोडून यात पडू का? सुमन म्हणते, आधी कुंभ होऊ दे. आणि तो हॉटेलवाला अण्णांना "मास्टर कारागीर" म्हणतो. अण्णांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. केसासारख्या बारीक कामट्या काढते आई. तिला मजुरी किती धरायची, हे त्यानंही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातही कुणी नाही.

तू अण्णांना फोन कर. औषधाचं ते तुझंच ऐकतील, कारण केमिस्ट्रीत तू माझ्या जर्नलवर पास झालास हे त्यांना अजून माहीत नाही. मी तोंड उघडायच्या आत कर.

फ्लॅट झाला म्हणे, अभिनंदन. पोरीला दात आले का? वहिनींना नमस्कार.

फोन रात्री आठनंतर कर. दिवसा ते मोबाईल टाकीवर ठेवून विसरतात.

तुझा,
किसन