हवालदार साहेब, आप्पांच्या मेडलांसाठी तुमचे मनापासून आभार

आदरणीय हवालदार साहेब,
जय हिंद.

आमचे फौजी आप्पा गेले, त्यांच्या गंधमुक्तीआधी तुम्ही अमळनेरला घरी आलात, ओट्यावर बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात, “मेडलं कुठे शेतस?” तोवर कोणीच ते विचारलं नव्हतं.

मेडलांची काय दशा होती, ती तुम्ही पाहिलीत. शहरातल्या एका फ्रेमवाल्याने पाचही प्लायवूडला गोंदाने चिकटवली होती, रिबिनींची अदलाबदल केली होती आणि वर भांड्यांच्या पावडरीने लखलखीत घासून दिली होती. पैसे मात्र पूर्ण घेतले. मेडल ज्याचं, त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव गोल मेडलाच्या कडेवर असतं. घासलं की सगळ्यात आधी तेच जातं, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांच्या सेवेच्या मेडलावर आता नंबरातले शेवटचे दोन आकडे तेवढे उरलेत.

तुम्ही चाकू लावू दिला नाहीत. आधी रिबिनी सोडवल्या, मग कोमट पाण्याच्या फडक्याने गोंद मऊ केला आणि दात कोरायच्या काडीने उचलला. नवी रिबीन 32 मिलिमीटरची, मागून दोऱ्याने शिवलेली, गोंदाचा थेंब नाही. क्रमही लावलात: 71 च्या लढाईतल्या पूर्व आघाडीचा ‘पूर्वी स्टार’, संग्राम मेडल, सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या 25व्या वर्षाचं (ते 15 ऑगस्ट 1972 ला फौजेत असलेल्यांनाच मिळालं), शेवटी नऊ वर्षांचं. मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला.

आप्पा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. 71 च्या लढाईतून आले, कापूस लावला, लेकरं शिकवली. गावची पोरं भरतीला निघाली की पहाटे शिवरस्त्यावर हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे: सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं. “पहिल्या चारशेत दम घालवू नको, शेवटच्या दोनशेसाठी ठेव,” एवढंच सांगायचे. जो मागे राहायचा, त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जायचे. गावातल्या कितीतरी घरांत आज त्यांच्यामुळे वर्दी आहे.

पण साहेब, मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. मायला वाचता येत नाही. तुम्ही भिंग बाजूला ठेवलंत, संग्राम मेडल तिच्या तळहातावर दिलंत आणि तिचं बोट कडेवरून हळूहळू फिरवत म्हणालात, “माय, आठे हात फिराव. हाई आप्पानं नाव शे.” एक एक अक्षर, शेवटपर्यंत. घाई केली नाहीत. अशी माणसं अजून आहेत, म्हणून गावाला आधार आहे.

पैशाचा विषय काढला, तर तुम्ही चपला घालायला लागलात. मग निदान हे पत्र तरी घ्या.

पेटीला काच बसवताना तुम्ही खिळे ठोकले नाहीत, कडी लावलीत. का, ते आता कळलं. माय रोज दिवाबत्ती झाली की कडी काढते.

आपले,
आप्पांच्या घरची सगळी मंडळी